पंच्याखालचा टाईप

“कुंदे, हे तुझं यंत्र खोटं लिहायला लागलंय!”

शेटे सरांनी कीबोर्ड माझ्या काउंटरवर असा आपटला की स्क्रूंची वाटी कलंडली आणि बारीकबारीक स्क्रू सगळीकडं पसरले. एक गिऱ्हाईक प्रिंटर घेऊन आलं होतं, ते बिचारं प्रिंटर पोटाशी धरून मागं सरलं. सरांचा चढलेला आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. आमच्या विटा गावात बाकी कुणीही ऐकला नसेल.

“सर, बसा तरी. झालं काय?”

“बसायला नाही आलो मी. मी लिहितो एक आणि हे छापतं भलतंच. बघ, बघ हे.”

त्यांनी खिशातून कागदाची घडी काढली. मी वाचायला गेले, तर वाचताच येईना. अक्षरांची नुसती खिचडी. मधेच एखादा शब्द धड, पुढं सगळा गोंधळ. काही अक्षरं आपापल्या जागी शहाण्यासारखी बसलेली आणि बाकीची गावभर फिरायला गेलेली.

“रविवारच्या आत नीट झालं पाहिजे,” सर म्हणाले. “रविवारी लोकांसमोर माझ्या हातून असली घाण निघाली ना, तर सोमवारी बोर्ड उतरवून ठेवीन. सांगून ठेवतो.”

आता हा रविवार काय, ते सांगायला हवं. स्टँडच्या मागं, वरच्या मजल्यावर सरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. त्याचा निळा बोर्ड माझ्या जन्माआधीपासूनचा. तालुक्यातले निम्मे कारकून तिथंच बोटं झिजवून नोकरीला लागलेले. परीक्षेच्या आधीच्या रविवारी सर मुलांना आणि त्यांच्या आईबापांना बोलवायचे आणि सगळ्यांसमोर टाईप करून दाखवायचे. तेही कसं? मशीनवर आणि हातांवर पंचा पसरायचा. मग एखाद्या मुलीनं त्या दिवसाचा पेपर मोठ्यानं वाचायचा. सर समोरच्या भिंतीकडं बघत टाईप करणार. पान पुरं झालं की ते हातोहात फिरायचं, आणि चूक दाखवेल त्याला सर पेढा द्यायचे. पेढ्याचा पुडा दरवर्षी तसाच काकींकडं, म्हणजे सरांच्या बायकोकडं, परत जायचा. ह्याला सगळे ‘पंच्याखालचा टाईप’ म्हणायचे. लोक तो बघायचे आणि खाली उतरता उतरता पोरांची नावं घालून जायचे.

“कीबोर्डकडं बघायचं नाही” हे सरांचं एकमेव शास्त्र. जुन्या मशीनच्या जमान्यात ते बटणांवरची अक्षरं काळ्या ऑइलपेंटनं पुसून टाकायचे. पुढं सरकारनं मशीनं बंद करून कॉम्प्युटर आणले, तेव्हा सरांनी कॉम्प्युटर घेतले. पण नवा कीबोर्ड आला की आधी ब्रश घेऊन बसायचे. सगळी बटणं काळीकुळकुळीत. परगावचा एखादा मेकॅनिक बघायचा आणि म्हणायचा, हे काय जळालंय का?

ते सगळे कॉम्प्युटर मी दिलेले. मीसुद्धा सरांचीच विद्यार्थिनी, पण टायपिस्ट कसली होते! माझी बोटं कमी आणि तोंड जास्त चालायचं. मी दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा ‘बाई काय कॉम्प्युटर दुरुस्त करणार’ म्हणून लोक दारातून हसून जायचे. सर एकटे आत आले आणि म्हणाले, “अख्ख्या क्लासचं काम तुझ्याकडं.” तेव्हापासून लोकांची तोंडं बंद झाली. आणि आता मी दिलेल्या मशीनमुळं सरांची फजिती झाली असती, तर मला विट्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मी कीबोर्ड उघडला. आत खडूची धूळ, एक मेलेली मुंगी आणि पेढ्याचा चुरा. ब्रशनं सगळं साफ केलं, स्पिरिटनं पुसलं, वायर बदलली. मग स्वतः टाईप करून बघितलं. एकूण एक अक्षर जागच्या जागी.

“सर, ठणठणीत आहे की हा.”

“म्हणजे मी चुकतो?”

“असं कुठं म्हणाले मी?”

“मग म्हणूही नकोस,” सर म्हणाले आणि कीबोर्ड काखेत मारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. “कुंदे, परत तेच!”

मी स्कूटी काढून क्लासवर गेले. कॉम्प्युटरमधला मराठीचा सगळा बाडबिस्तरा काढून नव्यानं टाकला. तरी भरवसा नको, म्हणून माझ्याकडचा कोरा कीबोर्डही जोडला. तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. त्यांचं घर क्लासच्या मागच्याच खोल्यांत होतं. स्टीलचे पेले, वरून वाफा निघणारे. मी माझा पेला उचलला आणि ‘आई गं’ करून खाली ठेवला. मग ओढणीत धरून प्यायले. सर बोलत बोलत सबंध मुठीत पेला धरून निवांत पीत होते. माझ्या मनात आलं, जुन्या माणसांचे हात म्हणजे हातच.

“ह्यांना सांग काहीतरी,” काकी मला म्हणाल्या. “परवा बाजारातनं आले ते एका पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठं निसटली, ह्यांना पत्त्याच न्हाय. आन् वर मलाच म्हणत्यात, तू कुठं ठेवलीस?”

“डोक्यात परीक्षेचा विचार होता,” सर म्हणाले.

“डोक्यात असंल. चप्पल पायात असती.”

मी खो खो हसले. सरही हसले, पण काकी हसल्या नाहीत. ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

नवा कीबोर्ड जोडल्याबरोबर सरांनी ऑइलपेंटचा डबा काढला. म्हटलं, “सर, आधी बघा तरी चालतोय का!” ते म्हणाले, “पोरं येतील आता. उघडी बटणं बघतील.” जशी काही एखादी सोवळ्यातली गोष्ट. मान वाकडी करून, जीभ दातात धरून त्यांनी एकेक बटण रंगवलं. रंग इकडंतिकडं ओघळत होता. पूर्वी सर रंगवायचे तर किनारीला डाग नसायचा. मी समजले, वय झालं.

संध्याकाळी परत फोन. “कुंदे, तेच.”

मला आता रडायला यायचं बाकी राहिलं होतं. मशीन नवं, वायर नवी, कीबोर्ड नवा. माझ्या हाताखाली सगळं बरोबर आणि सरांच्या हाताखाली सगळं वाटोळं. रविवार तर उंबऱ्याशी आलेला. त्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, “ताटात काय रेघोट्या मारतीयेस?” मी बघितलं, तर मी आमटीत बोट घालून ताटावर बटणांच्या रांगा काढत होते. आणि एकदम टाळी वाजवून उठले.

कीबोर्डच्या मधल्या रांगेत दोन बटणांवर एकेक बारीक उंचवटा असतो. न बघता टाईप करणाऱ्याची पहिली बोटं त्या उंचवट्यांवर टेकतात, आणि तिथून बाकीच्या बोटांना आपापली घरं कळतात. सर आता रंग जाड थापायचे, त्यात ते उंचवटेच बुजले होते! हाताची सुरुवातच एक घर बाजूला झाली तर पुढची सगळी अक्षरं चुकणारच की. एवढी साधी गोष्ट, आणि मी मेलेल्या मुंग्या वेचत बसले होते.

शनिवारी दुपारी क्लास सुटल्यावर मी नाचतच जिना चढले. “सर, सापडलं! तुमचाच रंग नडला.”

मी त्यांना सगळं समजावलं. सरांच्या चेहऱ्यावर असा उजेड आला म्हणता! “म्हणजे रंगच?” ते दोनदा म्हणाले. “अगं विमल, ऐकलंस का? रंगामुळं होत होतं!” आतून काकींचा आवाज आला नाही.

मी पात्यानं त्या दोन उंचवट्यांपुरता रंग खरवडला. उंचवटे अगदीच बारीक होते, म्हणून कपाळावरची टिकली काढून एका बटणावर चिकटवली आणि पर्समधली दुसरी दुसऱ्यावर. सरांनी टाईप केलं. खिचडी. “टिकली फारच मऊ आहे,” मी म्हणाले, आणि पिशवीतून एम-सील काढून दोन्ही बटणांवर ज्वारीच्या दाण्याएवढे टणक खडे बसवले. ते वाळेपर्यंत सर खिडकीशी उभे राहून रविवारी कुणाला पेपर वाचायला लावायचा, ते ठरवत होते. अफसाना मुलाणीचा आवाज खणखणीत आहे, म्हणाले.

“हं, बसा सर. आता आंधळ्यालासुद्धा सापडेल.”

सरांनी पंचा पसरला, हात आत घातले, भिंतीकडं बघितलं आणि सुरू झाले. तोच जुना वेग, पावसाच्या सरीसारखा. मी पडद्याकडं बघितलं. खिचडी.

मला राहवलं नाही. मी पंच्याचं टोक हळूच वर उचललं.

सरांचा उजवा हात एक घर बाजूला होता. पहिलं बोट खड्याच्या पलीकडच्या बटणावर. खडा त्या बोटाच्या कडेला रुतत होता, इतका की कातडी पांढरी पडली होती, आणि सर भिंतीकडं बघत मजेत टाईप करत होते. त्यांना तो लागतच नव्हता. त्याच बोटाच्या शेंड्यावर एक फोड टरारून आलेला, चटक्याचा. मला तो चहाचा पेला आठवला. चप्पल आठवली. बटणांवरून ओघळलेला रंग आठवला.

मी पंचा होता तसा खाली सोडला.

“काय गं, आलं का बरोबर?” सरांनी भिंतीवरची नजर न काढता विचारलं.

“थोडं... थोडं राहिलंय, सर. वायर ढिली वाटतीये.”

“बघ, बघ. सावकाश बघ.”

मी खाली वाकून वायरशी उगाच झटापट केली, कारण वर बघायची हिंमत नव्हती. बिघाड दिसला की मी तो दुरुस्त करते, तेवढंच मला येतं. आणि हा बिघाड मी उभ्या जन्मात उघडून बघू शकणार नव्हते. खडे काढून टाकले. ते ठेवून तरी काय उपयोग होता?

स्वयंपाकघरात काकी तांदूळ निवडत होत्या. मी नुसती दारात उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

“कळलं व्हय तुला?”

“काकी, डॉक्टरांना दाखवलं का?”

“सांगलीला नेलं हुतं. शुगरनं नसा गेल्यात म्हणले. गेलंय त्ये परत येत न्हाय, ऱ्हायलंय त्ये सांभाळा.” त्यांनी डोळ्याला पदर लावला. “मी काय सांभाळू गं? माझ्यासमोर बोलतच न्हाईत. यंत्र बिघडलंय म्हणत्यात, मी हो म्हणती.”

“मग उद्या रद्द करू या की.”

“तू सांगशील त्यास्नी?”

मी सूप ओढून तांदूळ निवडायला लागले. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

काकी हळूच म्हणाल्या, “उद्या लाईटच गेली तर? हितं रोजच जाती. कुणाला काय वाटायचंय? मी मीटरपाशी हुबी ऱ्हाते. तू मान हलीव, मी फ्यूज काढते. परीक्षेनंतर बघू, म्हणायचं.”

ह्यापलीकडं आम्हा दोघींना काही सुचलं नाही. मी हो म्हणाले.

रविवारी वर्ग गच्च भरला. बाकांवर मुलं, भिंतीशी आईबाप, दारात चपलांचा ढीग. पुढच्या बाकावर पेढ्याचा पुडा. सर इस्त्रीच्या शर्टात, केस चापून बसवलेले. अफसाना पेपर घेऊन उभी. मी सरांच्या शेजारी, ‘मशीनकडं बघायला’ म्हणून. काकी दारामागं मीटरखाली स्टुलावर. त्यांचा हात फ्यूजवर आणि डोळे माझ्यावर.

सरांनी पंचा झटकला, पसरला, हात आत घातले. वर्ग चिडीचूप झाला. मी काकींकडं बघितलं. आता मान हलवायची, एवढंच राहिलं होतं.

आणि सरांनी हात बाहेर काढले. पंच्याची घडी घातली, मांडीवर ठेवली, आणि मान खाली घालून कीबोर्डकडं बघितलं. सरांनी, कीबोर्डकडं! मागच्या बाकावरून कुणीतरी ‘अरे’ म्हणालं. सर चष्मा वर करून, खाली करून बघत होते. बघून काय दिसणार होतं? सगळी बटणं काळी. एकावरही अक्षर नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलेली.

ते माझ्याकडं वळले. आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा.

“कुंदे, जरा बोटं ठेवून दे गं. मला कळत नाही.”

काकींचा हात फ्यूजवरून खाली आला. मी पुढं झाले. त्यांची बोटं हातात घेतली, तर चांगली ऊबदार होती. तो एक फोड सोडला तर काही झालंय असं वाटावं असं त्यांच्यात काहीच नव्हतं. मी एकेक बोट घरावर ठेवलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझी अशीच ठेवली होती आणि वर म्हणाले होते, तोंड बंद ठेव, म्हणजे बोटं चालतील.

“वाच, अफसाना,” सर म्हणाले.

ती वाचू लागली. आवाज कसला खणखणीत, मागच्या बाकापर्यंतही जाईना. सर चालू झाले. पहिली ओळ पडद्यावर उमटली. एकही चूक नाही. जुन्या मशीनच्या सवयीनं सर दर ओळीला एंटर मारायचे. ओळ संपली, करंगळी एंटरकडं गेली, परत आली, आणि हात एक घर बाजूला येऊन बसला. सरांना पत्ताच नाही. दुसऱ्या ओळीचा पहिलाच शब्द वाया गेला.

मी त्यांच्या मनगटाला धरून हात जागेवर सरकवला. ते थांबले, मी तो शब्द पुसला आणि ते पुन्हा चालू झाले. पुढं हेच. ओळ संपायची, मी मनगट सरकवायची, ओळ उमटायची. शेवटची ओळ झाल्यावर पान छापून निघालं आणि दरवर्षीसारखं हातोहात फिरलं. चूक नव्हती. ज्याच्या हातात पान जायचं, तो माणूस वाचल्यासारखं करायचा आणि पुढं द्यायचा. त्या दिवशी नवीन नाव कुणी घातलं नाही. जाताना मुलं सरांच्या पाया पडत होती आणि सर त्यांना परीक्षेला हॉल तिकीट न्यायला विसरू नका म्हणून सांगत होते.

सोमवारी सकाळी मी दुकानाला जाताना बघितलं, तर सर शिडीवर चढलेले. काकी खाली शिडी धरून. मी स्कूटी तिथंच टाकून पळाले.

“सर, चूक नव्हती की एकही! कशाला उतरवताय?”

“पान तुझ्या हातचं होतं, कुंदे. बोर्ड माझ्या नावाचा आहे. तू वरती ये, मला हे स्क्रू सापडत नाहीत.”

मग मीच चढले आणि मीच बोर्ड सोडवला. भिंतीवर त्याच्याएवढा पांढरा चौकोन राहिला. बोर्ड आत नेऊन भिंतीला टेकवला. काकी चहा ठेवायला गेल्या. सर खुर्चीत बसून बोटांकडं बघत होते, दुसऱ्याचीच असल्यासारखं.

“तुम्हाला कधी कळलं, सर?” मी विचारलं.

“दसऱ्याला. मशीनांची पूजा करत होतो. उदबत्ती बोटाला लागली होती. मला वासावरून कळलं.”

मला एकदम रागच आला. खरंच आला. “दसऱ्यापासून ठाऊक होतं? आणि मला पळवत राहिलात? ब्रश मार, वायर बदल, नवा कीबोर्ड आण! मी घास गिळला नाही नीट. कशाला बोलवत होतात मला?”

समोरच्या टेबलावर माझी पिशवी पडली होती, स्क्रूड्रायव्हर बाहेर डोकावत होता. त्यांनी तो उचलायला हात घातला, बोटं बाजूनं गेली. मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

“तू कीबोर्ड उघडून बसायचीस ना, कुंदे,” ते म्हणाले, “तेवढा वेळ मला वाटायचं, बिघाड त्याच्यातच आहे.”